जहाजाचं पाणी

वर्ध्याजवळच्या देवळीत जहाजाचं काय काम, हा प्रश्न मंजुषाला त्या हिवाळ्यात इतक्या जणांनी विचारला की शेवटी शेवटी तिने उत्तर देणंच सोडलं. किराणा दुकानदाराने विचारला, कारण तिने एका वेळी खडेमिठाची सहा पोती मागवली होती आणि लोणच्याचा कारखाना काढला की काय, अशी त्याला शंका आली होती. सासूबाईंनी, विमलाबाईंनी विचारला, कारण तिच्या ओढण्यांना रोज डिझेलचा वास यायचा आणि घरातल्या बाकीच्या कपड्यांबरोबर त्या भिजवायला सासूबाई तयार नव्हत्या. खरं तर उत्तर अंकुशने द्यायला हवं होतं. वर्कशॉप त्याचं, कल्पना त्याची, जाहिरातीचं पत्रक त्याने छापलेलं. पण कोणी विचारलं की तो "मंजुषाताई सांगतीन नं" म्हणून मोकळा व्हायचा.

अंकुशच्या वर्कशॉपमध्ये पूर्वी फवारणीच्या पंपांचे आणि जिनिंगच्या मशिनींचे सुटे भाग बनायचे. त्याचा कॉलेजातला एक मित्र मुंबईला जहाजांना सामान पुरवायचा. त्याने एकदा सांगितलं की लहान जहाजांना तेलकट पाणी साफ करणारं आटोपशीर मशीन हवं असतं आणि बाहेरून आणलेलं परवडत नाही. झालं. सहा महिन्यांत अंकुशने मशीन उभं केलं आणि रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मंजुषाला शाळेतली नोकरी सोडायला लावून चाचणीच्या कामावर घेतलं.

काम समजायला अवघड नव्हतं. जहाजाच्या इंजिनखोलीच्या तळाशी सतत पाणी साचतं. कुठे नळी पाझरते, कुठे जमीन धुतली जाते, आणि त्या पाण्यात डिझेल, इंजिनाचं तेल, साबण, गंज, सगळंच उतरतं. ते तसंच समुद्रात सोडायला बंदी आहे. दहा लाख भागांत तेल पंधरा भागांच्या आत आलं, तरच सोडता येतं. अंकुशच्या मशीनमध्ये या पाण्यात ॲल्युमिनियमच्या प्लेटा ओळीने उभ्या होत्या. त्यांतून वीज सोडली की ॲल्युमिनियम थोडं थोडं विरघळायचं, तेलाचे बारीक कण त्याला चिकटून त्यांचे पुंजके व्हायचे आणि विजेमुळेच उठणारे बुडबुडे ते पुंजके फेसासारखे वर आणायचे. वरचा फेस काढून घ्यायचा, खालून पाणी सोडायचं.

खाऱ्या पाण्यात हे सगळं झकास चालायचं. मिठामुळे वीज सहज खेळते. मंजुषा टाकीत मीठ विरघळवून समुद्र तयार करायची, त्यात तेल घालायची आणि मशीन बारा, अकरा, कधी नऊसुद्धा दाखवायचं. अडचण होती ती गोड्या पाण्याची आणि साबणाची. जहाजात गोडं पाणीही पाझरतं आणि फरशा साबणाने धुतात, म्हणून तपासणीच्या नियमावलीत तसं मिश्रणही होतं. साबणाने तेल पाण्यात असं मिसळून जातं की पाणी दुधासारखं दिसतं आणि तेल कितीही वेळ ठेवलं तरी वर येत नाही. त्या पाण्यात मशीनचा आकडा अडतीसच्या खाली उतरत नव्हता. तेरा वेळा करून झालं होतं.

मंजुषाला उपाय माहीत होता. प्लेटा एकमेकींच्या जवळ आणायच्या आणि पाणी अर्ध्या गतीने सोडायचं. हे तिने तीन आठवड्यांत अंकुशला निदान दहा वेळा सांगितलं असेल. कागदावर लिहून दिलं, आकडेमोड दाखवली. पण अंकुशने पत्रकावर तासाला पाचशे लिटर छापलं होतं, मशीनवर पितळी पट्टीतही तेच कोरून घेतलं होतं, आणि तासाला अडीचशे म्हटलं की त्याचा चेहरा असा व्हायचा, जणू कोणी त्याच्या मशीनचा एक पाय कापायला निघालंय.

"समुद्रात गोडं पाणी कुठून येते, ताई?" तो म्हणायचा.

त्यावर पहिल्या वेळी तिने सविस्तर सांगितलं. दुसऱ्या वेळी थोडक्यात सांगितलं. नंतर ती नुसता आकडेमोडीचा कागद पुढे सरकवायची.

गुरुवारी मुंबईहून सर्वेअर येणार होते. त्यांच्यासमोर मशीन चालवून दाखवायचं, त्यांच्या अहवालावर पुढचं प्रमाणपत्र अवलंबून. त्याच्या आधीच्या शनिवारी मंजुषाने चौदावी चाचणी केली. आकडा आला सदतीस. तिने ते तीन हजार लिटर दुधाळ पाणी मागच्या आवारातल्या टाकीत साठवलं, टाकीवर मार्करने 'सी-१४' लिहिलं आणि घरी गेली. जाताना अंकुशला सांगून गेली की अशा पाण्याची विल्हेवाट लावणाऱ्या परवानाधारक लोकांना फोन करून टँकर बोलवा. अंकुशने मान हलवली. त्याची मान हलली याचा अर्थ त्याने ऐकलं असा होत नाही, हे तिला इतक्या दिवसांत कळायला हवं होतं.

सोमवारी सकाळी ती आली तेव्हा आवार झाडून चकाचक होतं. कुंड्या आणून ठेवल्या होत्या. फाटकाला नवा रंग दिला होता. आणि मागची टाकी रिकामी होती.

टँकर इतक्या लवकर आला याचं तिला नवल वाटलं, पण गुरुवारची तयारी डोक्यात होती. ती प्रयोगशाळेत, म्हणजे पत्र्याच्या खोलीत, जाऊन बसली. तासाभराने फाटकावर एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, पायात चिखलाने भरलेल्या चपला, हातात पालकाची एक जुडी. वर्कशॉपच्या मागून जो नाला जातो त्याच्या पलीकडे या गोपिकाबाईंचा भाजीचा मळा होता. पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी. आठवडी बाजारात त्यांचा पालक सगळ्यांत आधी संपायचा. मंजुषाने स्वतः अनेकदा घेतला होता.

गोपिकाबाईंनी जुडी पुढे केली. पानांवर पातळ, रंगीत थर होता, उन्हात मोराच्या पिसासारखा चमकणारा. मंजुषाने नाकाजवळ नेण्याआधीच तिला वास आला. गेले तीन आठवडे तोच वास तिच्या ओढणीला होता.

"मी सकाळी मोटर लावली," गोपिकाबाई म्हणाल्या. "दोन वाफे भिजले तवा दिसलं मले. आता तुम्ही सांगा बाई, हे काय हाय?"

मंजुषा त्यांच्याबरोबर नाल्यावर गेली. मळ्याच्या खालच्या बाजूला लोकांनी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून बंधारा घातला होता. त्यामागे हिवाळाभर पाणी थांबायचं, दोन टँकर भरतील एवढं. तेच पाणी गोपिकाबाईंची मोटर ओढायची. आता त्या पाण्यावर काळपट साय होती आणि सायीखाली पाणी पांढुरकं. नाल्याचं क्षार असलेलं जड पाणी आणि चिखल लागून साबणाची पकड काही ठिकाणी सुटली होती आणि जे तेल टाकीत दिसत नव्हतं ते वर आलं होतं. बंधारा मजबूत होता म्हणून पाणी खाली यशोदा नदीकडे गेलं नव्हतं, एवढंच काय ते नशीब.

परत येईपर्यंत तिचे कान तापले होते. अण्णाजी, वर्कशॉपमधले सगळ्यांत जुने फिटर, कुंड्यांना गेरू लावत बसले होते.

"अण्णाजी, मागची टाकी कोनं खाली केली?"

"मीच केली काल," अण्णाजी म्हणाले. "अंकुशभाऊनं सांगतलं, आवार खाली करा, साहेब येऊन राह्यले. साबनाचंच पानी होतं मॅडम. दुधासारखं. तेल तं दिसलंच नाई मले."

"मी टाकीवर लिहिलं होतं नं."

"काय लिवलं होतं? सी न चवदा. त्याच्यातून मी काय समजू?"

तो खुणेचा आकडा फक्त तिला आणि तिच्या वहीला कळत होता. ज्याच्यावर संतापावं असं वाटत होतं तो माणूस बासष्ट वर्षांचा होता, सांगितलेलं काम रविवारी येऊन करून गेला होता, आणि त्याच्या हातावर आता गेरू होता.

मग ती अंकुशकडे गेली. अंकुशने आधी म्हटलं, थोडंसंच तर होतं. मग म्हटलं, वाहून जाईल. मग म्हटलं, गोपिकाबाईंशी मी बोलतो, त्यांचे दोन वाफे आपण भरून देऊ, पण हे सगळं शुक्रवारी, सर्वेअर गेल्यावर. त्याने हे इतक्या शांतपणे सांगितलं की मंजुषाला क्षणभर वाटलं आपणच उगाच ओरडतोय.

"अंकुशभाऊ," ती म्हणाली, "आपण समुद्रात तेल जाऊ नये म्हणून मशीन बनवून राह्यलो. आणि नाल्यात आपणच सोडलं. मी आज प्रदूषण खात्याच्या कार्यालयाला लिहून कळवते. आणि मशीन नाल्यावर नेते."

अंकुशला वाटलं ती रागाच्या भरात बोलतेय. पत्र मात्र तिने तासाभरात पाठवलं, आणि त्याची प्रत त्याच्या टेबलावर ठेवली, तेव्हा तो खुर्चीतून उठला.

आता वैतागाला खरी सुरुवात झाली. मशीन बाहेर काढायचं तर नवीन रंगवलेल्या फाटकातून ते बसेना. फाटकाचा एक पल्ला बिजागऱ्यांसकट उतरवावा लागला. ओढायला ट्रॅक्टर आणला तर ट्रॉलीचं एक चाक बसलेलं. केबल दीडशे फूट लागत होती आणि होती शंभर. अण्णाजींनी हे सगळं निस्तरलं. काल आपल्या हाताने झालं ते आज आपल्याच हाताने निघावं असं त्यांच्या मनात असावं.

वरची साय मशीनमध्ये घेता येत नव्हती. त्या सायीने प्लेटा बरबटल्या असत्या. ती आधी काढायला हवी होती. मंजुषा चाळणी लावू का, ताडपत्री ओढू का, असं काहीबाही बोलत होती, तेवढ्यात गोपिकाबाई मळ्यातल्या खोपटात गेल्या आणि डोक्यावर एक बोचकं घेऊन आल्या. आत पिवळा पडलेला, किडका कापूस होता, बाजारात कोणी हात न लावलेला. त्यांनी मूठभर कापूस पाण्यावर टाकला. तो बुडाला नाही. बघता बघता काळा झाला.

"मोटरचं तेल मी यानंच पुसतो," त्या म्हणाल्या. "पानी पित नाई तो, तेलच पिते."

मंजुषाला हे माहीत होतं. न पिंजलेल्या, न धुतलेल्या कापसावर मेणाचा बारीक थर असतो, म्हणून पाणी त्यात शिरत नाही. तिने ते पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि कापसाच्या जिल्ह्यात उभी राहून तिला ते सुचलं नव्हतं. सोमवारची संध्याकाळ आणि मंगळवारची सकाळ दोघी आणि अण्णाजी घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून कापूस पसरत आणि काळा झालेला गोळा करून ड्रममध्ये भरत राहिले. मधेच गोपिकाबाईंनी विचारलं की हे ड्रम कुठे जाणार. मंजुषाने सांगितलं की ते आणि मशीनमधून निघणारा फेस, दोन्ही परवाना असलेल्या गाडीत जाईल, तुमच्यासमोर भरलं जाईल. गोपिकाबाईंनी मान हलवली नाही. पुढे गाडी आली तेव्हा त्या समोर उभ्या होत्या.

मंगळवारी दुपारी मशीन सुरू केलं. अपेक्षेप्रमाणे ते चाललं नाही. गोड्या पाण्यात वीज धड खेळेना, आणि बाहेर येणारं पाणी जसं आत गेलं तसंच पांढुरकं. अंकुश एवढा वेळ लांब उभा होता, तो जवळ आला. त्याच्या मते उपाय सोपा होता. मिठाची तीन पोती अजून शिल्लक होती.

"दोन पोते टाका नं नाल्यात. लगेच करंट उचलते."

गोपिकाबाई कापसाचे हात पुसत होत्या. त्यांनी मंजुषाकडे न बघता अंकुशला सांगितलं, "मीठ टाकसान तं वांगे बी मरतीन. तेलानं दोन वाफे गेले, मिठानं सारं वावर जाईन."

अंकुशच्या आजोबांचंही वावर होतं. मिठाने जमिनीचं काय होतं हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. तो एकदा मशीनकडे, एकदा मंजुषाकडे बघून म्हणाला, "मग करा तुमचंच. प्लेटा जवळ आना."

तीन आठवडे ज्या वाक्यासाठी ती झगडत होती ते वाक्य असं, नाल्याच्या काठावर, सुस्कारा टाकून आलं. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ती इतकी थकली होती की तिला फक्त एवढंच वाटलं, हे मागच्या शुक्रवारी बोलला असता तर.

अण्णाजींनी प्लेटांमधल्या जुन्या पट्ट्या काढून निम्म्याहून पातळ पट्ट्या बसवल्या. आणखी सहा प्लेटा कापल्या. पाण्याचा नळ आवळून गती निम्म्यावर आणली. दर अर्ध्या तासाने विजेची दिशा उलटवायची, म्हणजे प्लेटांवर थर बसत नाही, हे मंजुषाने त्यांना एकदा सांगितलं आणि त्यांनी कधी चुकवलं नाही. संध्याकाळी फेस वर यायला लागला, करडा, दाट. खालचं पाणी पारदर्शक नव्हतं, पण आता ते ताकाच्या निवळीसारखं दिसत होतं.

मीटरने एकतीस दाखवलं. मग अठ्ठावीस. तेवढ्यात वीज गेली आणि दोन तासांनी आली. बुधवारी पंपाचा पट्टा तुटला. दुपारी कोणाच्या तरी बकऱ्या केबलवरून गेल्या. मंजुषाने ठरवलं होतं की दहाच्या खाली आल्याशिवाय एक थेंबही बंधाऱ्याखाली सोडायचा नाही. जहाजाचा नियम पंधराचा, पण हे समुद्रात जाणार नव्हतं, वांग्यांना जाणार होतं. बाहेर येणारं पाणी ती रिकाम्या टाकीत घेई, तपासे, आणि पुन्हा मशीनमधून काढायला लावी. अंकुशने दोनदा विचारलं, आता पुरे नाही का. दोन्ही वेळा तिने टाकीकडे बोट दाखवून त्याला स्वतःच प्यायला सांगितलं.

गुरुवारी सकाळी अकराला सर्वेअर आले. मुंबईहून नागपूरपर्यंत विमानाने, तिथून गाडीने, पांढरा शर्ट, हातात फाइल. पन्नाशीचे गृहस्थ, जहाजांवर चीफ इंजिनीअर म्हणून आयुष्य काढलेले. अंकुशने त्यांना रिकाम्या शेडमध्ये चहा दिला आणि मशीन जरा बाहेर काढलं आहे, आत्ता आणतो, असं सांगितलं. मग तो धावत नाल्यावर आला. अण्णाजींना म्हणाला, केबल काढा. अण्णाजी मंजुषाकडे बघत उभे राहिले. ती जागची हलली नाही. अंकुशच्या मागोमाग सर्वेअर स्वतःच चालत आले होते, बूट चिखलात घालून.

त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली. पितळी पट्टी वाचली.

"हे शेडमध्ये असायला हवं होतं ना?"

"हो सर," मंजुषा म्हणाली. "पण आमच्याच टाकीतलं पाणी रविवारी या नाल्यात गेलं. ते निघेपर्यंत मशीन इथेच राहील."

अंकुशने डोळे मिटले. सर्वेअरांनी पाण्याकडे बघितलं, ड्रमांकडे, काळ्या कापसाकडे, बांधावर हाताची घडी घालून उभ्या असलेल्या गोपिकाबाईंकडे.

"आत्ता मीटर किती दाखवतंय?"

"बावीस."

"आणि वहीत?"

"बावीसच आहे, सर. सकाळी चोवीस होता."

त्यांनी वही मागितली. नाल्याकाठच्या दगडावर रुमाल टाकून बसले आणि एकेक पान वाचत राहिले. मशीनच्या मीटरवर विसंबून न राहता तिने दर चार तासांनी बाटलीत नमुना घेऊन, द्रावकाने तेल वेगळं करून मोजलं होतं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी होते. जिथे जमत नव्हते तिथे तसं लिहिलं होतं. बकऱ्यांचीही नोंद होती. तिथे ते थोडं थांबले.

मग त्यांनी सांगितलं की हे बघून त्यांना सही करता येणार नाही. चाचणी ठरलेल्या मिश्रणावर, ठरलेल्या पद्धतीनेच व्हायला हवी. त्यांनी हेही सांगितलं की जहाजांवर त्यांनी अशी मशिनं पाहिली आहेत ज्यांच्या मीटरला कोणीतरी गोड्या पाण्याची नळी जोडून ठेवलेली असते, म्हणजे आकडा कायम तीन राहतो आणि तेल दुसऱ्याच नळीने समुद्रात जातं. हे ते कोणाला उद्देशून बोलले नाहीत. पुढची तारीख त्यांनी तीन आठवड्यांनंतरची दिली. निघताना अंकुशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाचशेचा हट्ट सोडा. हे मशीन अडीचशेचं आहे. प्लेटा आत्ता आहेत तशाच ठेवा आणि गती निम्मी लिहा. लहान ट्रॉलरला तेवढं पुष्कळ आहे."

"बरोबर आहे सर," अंकुश म्हणाला, डोळे विस्फारून. "हे आमच्या लक्षातच नाही आलं."

मंजुषा तेव्हा पंपाचा पट्टा ताणत होती. तिने पाना खाली ठेवला, दोन पावलं नाल्याच्या कडेने चालत गेली आणि परत आली. तेवढंच तिला करता आलं. तिच्या हातात पाना तसाच राहिला असता तर काय झालं असतं याचा तिने नंतरही कधी विचार केला नाही. अण्णाजींनी खाली बघून हसू दाबलं, हे मात्र तिला दिसलं, आणि आठवडाभरात पहिल्यांदा तिला जरा बरं वाटलं.

पाणी रविवारी पहाटेपर्यंत चाललं. शेवटच्या टाकीचा आकडा आठ. मग बंधाऱ्यामागचा तळाचा चिखलही काढला. त्याआधी शुक्रवारी कार्यालयाचे लोक आले, पंचनामा केला आणि अंकुशला मागच्या आवारात टाक्यांभोवती उंच कठडा बांधून घ्यायला सांगितलं, म्हणजे टाकी फुटली तरी पाणी बाहेर जाऊ नये. त्याने तो कुरकुरत का होईना, बांधला. टाक्यांवर आता मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेलं आहे. ते अण्णाजींनी लिहिलं आणि मंजुषाने शुद्धलेखन तपासलं नाही.

तीन आठवड्यांनी सर्वेअर पुन्हा आले. शेडमध्ये, नीट, नियमावलीप्रमाणे, गोड्या पाण्याच्या आणि साबणाच्या मिश्रणावर मशीन चाललं. आकडा तेरा आला. पितळी पट्टी अंकुशने स्वतः काढली. नवी पट्टी वर्ध्याहून करून आणली तेव्हा त्याने ती दोन दिवस टेबलावर ठेवली होती, बसवायला मन होत नव्हतं म्हणून. मशीन पहिल्यांदा एका ट्रॉलरवर बसवायला गेलं तेव्हा तो मुंबईला गेला आणि जहाजासमोर उभा राहून काढलेला फोटो त्याने सगळ्यांना पाठवला.

गोपिकाबाईंच्या दोन वाफ्यांतली वरची माती काढून नेली, नवी माती टाकली. त्यांनी त्या जागी यंदा पालक लावला नाही. ज्वारीचं कडवळ पेरलं, तेही बैलांसाठी नाही, नुसतं येतं का बघायला. बाजारात काही दिवस लोकांनी त्यांचा पालक उचलून वास घेतला आणि परत ठेवला. ते दुःख अंकुशच्या भरपाईत बसलं नव्हतं. मंजुषा मुद्दाम सगळ्यांसमोर त्यांच्याकडून भाजी घ्यायची. गोपिकाबाई तिला तोलून द्यायच्या, कमी नाही, जास्त नाही.

मात्र दर सोमवारी सकाळी, मंजुषाच्या टेबलावर कामाचा ढीग पडलेला असतो तेव्हाच, गोपिकाबाई फाटकावर येतात. हातात नाल्याच्या पाण्याची बाटली. पहिल्या महिन्यात मंजुषाने समजावलं की आता काही निघणार नाही, काकू, तीन वेळा तपासलं. दुसऱ्या महिन्यात सांगितलं की महिन्यातून एकदा पुरे. तिने आकड्यांचा तक्ता काढून दाखवला, दहाच्या आत म्हणजे काय, पाचच्या आत म्हणजे काय.

"तुमचं ते पाच न दहा मले नका सांगू," गोपिकाबाई म्हणाल्या. "मले इतकंच सांगा, का हे पानी मी वांग्याले देऊ का नाई देऊ."

मग मंजुषा हातातलं काम बाजूला ठेवते, बाटली घेते, आणि सगळी तपासणी पहिल्यापासून करते. त्याला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ गोपिकाबाई दारातल्या बाकड्यावर बसून राहतात. चहा विचारला तर नको म्हणतात. अण्णाजी जाता-येता त्यांना दोन शब्द बोलतात, अंकुश मागच्या दाराने निघून जातो. मंजुषा आतून बाहेर येऊन सांगते, द्या. गोपिकाबाई बाटली मागून घेतात, रिकामी करून धुतात आणि पुढच्या सोमवारसाठी पिशवीत ठेवतात.